मराठी संशोधनपत्रिकेचं वाचन आणि सायटेशन मोजायला कुठून सुरुवात करायची

कॉलेजची किंवा एखाद्या संस्थेची संशोधनपत्रिका ऑनलाइन आली, की वर्षभरात संपादक मंडळाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. आपले लेख किती वेळा उघडले गेले? आणि आपल्या लेखांचा हवाला इतरांनी किती वेळा दिला? पहिल्या आकड्याला वापराची आकडेवारी म्हणतात, दुसऱ्याला सायटेशन. दोन्ही एका दमात विचारले जात असले, तरी त्यांचा उगम वेगळा आहे. वापर मोजला जातो तुमच्या सर्व्हरवर, त्यामुळे तिथली व्यवस्था तुमच्या हातात असते. सायटेशन मोजलं जातं दुसऱ्यांच्या संदर्भसूच्यांमधून, बाहेरच्या संस्थांकडून. तिथे तुमच्या हातात एवढंच असतं, की तुमचा लेख त्यांच्या यंत्रांना ओळखता यावा.

इथे पब्लिक नॉलेज प्रोजेक्टचं ओपन जर्नल सिस्टिम्स, म्हणजे ओजेएस, समोर ठेवून पायऱ्या दिल्या आहेत. ते मोफत आहे आणि भारतातल्या पुष्कळ लहान पत्रिका त्यावरच चालतात. पत्रिका दुसऱ्या प्रणालीवर असेल तर मेनूंची नावं बदलतील, काम तेच राहील.

पायरी १ : लेख यंत्राला वाचता येतो का, ते आधी तपासा

ही पायरी बहुतेक इंग्रजी मार्गदर्शिकांमध्ये सापडणार नाही, कारण त्यांना हा प्रश्न पडतच नाही. मराठी पत्रिकेला मात्र इथूनच सुरुवात करावी लागते. जो मजकूर यंत्राला वाचता येत नाही तो शोधात येत नाही, शोधात आला नाही तर उघडला जात नाही, आणि त्याचा हवाला कुणी दिलाच तरी तो या लेखाशी जोडला जात नाही. मग आकडे शून्याजवळ राहतात आणि 'मराठीत कोण वाचतंय' असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

तपासणी दोन मिनिटांची आहे. लेखाची पीडीएफ उघडा, मधल्या एखाद्या पानावरचा परिच्छेद कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करा. चारपैकी एक गोष्ट दिसेल.

सरळ, शुद्ध मराठी आलं तर पुढच्या पायरीला जा.

रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ आला, तर लेख युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, यंत्रं तीच वाचतात. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षराच्या जागी देवनागरी आकार बसवलेला असतो. डोळ्यांना मराठी दिसतं, यंत्राला मात्र निरर्थक रोमन अक्षरं दिसतात.

मराठीच आलं, पण वेलांट्या आणि रफार जागा सोडून बसले, म्हणजे 'निष्कर्ष'चं 'िनष्कर्ष' झालं, तर फॉन्ट युनिकोडच आहे. पीडीएफ बनताना अक्षरांचा क्रम बिघडलेला आहे. पानावर ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते, आणि पीडीएफ पुष्कळदा तोच दृश्य क्रम साठवते. पेजमेकर किंवा इनडिझाइनमधून थेट काढलेल्या फायली या दृष्टीने जरूर तपासा.

काहीच निवडता आलं नाही, तर ते स्कॅन केलेलं चित्र आहे.

उपाय असे. जुन्या फॉन्टचा मजकूर फॉन्ट-परिवर्तक सॉफ्टवेअरमधून युनिकोडमध्ये आणा आणि माणसाकडून वाचून घ्या, कारण जोडाक्षरं आणि रफार इथेच सर्वांत जास्त चुकतात. स्कॅन असेल तर मराठी ओळखणारं ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं वाचून मजकूर देणारं सॉफ्टवेअर, वापरा. फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून डॉक्समध्ये उघडली तरी कामापुरता मजकूर मिळतो. वेलांट्या विस्कटत असतील तर पीडीएफच्या जोडीला लेखाची एचटीएमएल आवृत्तीही चढवा. त्यात युनिकोड जसाच्या तसा राहतो. मांडणी साधी असली तरी चालेल.

जुने दहा अंक आणि प्रत्येकात आठ लेख धरले, तरी ऐंशी लेख होतात. सगळा मजकूर बदलायला वर्ष जाईल. तोवर निदान चार गोष्टी युनिकोडमध्ये भरून टाका: शीर्षक, लेखकाचं नाव, सारांश आणि संदर्भसूची. यंत्रांचं बरंचसं काम एवढ्यावर चालतं. पत्रिकेच्या सेटिंगमध्ये मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा सुरू करून शीर्षक आणि सारांश दोन्हींत द्या. मराठी लेखाचा हवाला इंग्रजीत देणारा अभ्यासक शीर्षकाचं भाषांतर स्वतःच्या मनाने करतो, आणि तीन जणांनी केलेली तीन भाषांतरं यंत्राला तीन वेगळे लेख वाटतात. अधिकृत इंग्रजी शीर्षक दिलंत की तो प्रश्न बऱ्यापैकी मिटतो.

आता एक बारीक गोष्ट, सहसा कुणाच्या लक्षात न येणारी. 'शेतकऱ्यांच्या' हा शब्द घ्या. यातला 'ऱ्य' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त आणि पुढे 'य'. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर आणि मग 'य'. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राला हे दोन वेगळे शब्द आहेत. 'ॲ'चंही तसंच: कुणी ते एकसंध अक्षर टाकतं, कुणी 'अ'वर चंद्र चढवतं. शीर्षकात असा शब्द असेल तर संपादकीय नियम एकच ठरवा आणि सगळ्या नोंदी त्याप्रमाणे करा. 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरणं बरं, कारण त्यात अदृश्य चिन्ह नसतं आणि कॉपी-पेस्टमध्ये ते गळून पडत नाही. नियम पाळला गेलाय का हे पाहायला पत्रिकेच्या शोधपेटीत तोच शब्द दोन्ही प्रकारे टाकून बघा.

पायरी २ : ओजेएसमधली मोजणी खरंच चालू आहे का

पत्रिकेचे व्यवस्थापक म्हणून लॉगिन करा. डाव्या मेनूत 'स्टॅटिस्टिक्स' आणि त्यात 'आर्टिकल्स' दिसेल. गेल्या ३० दिवसांचा काळ निवडा. प्रत्येक लेखापुढे सारांश किती वेळा उघडला आणि फाइल किती वेळा उघडली, हे दोन आकडे येतात.

आजचा आकडा आज शोधू नका. दिवसभराच्या भेटी आधी एका लॉग फाइलमध्ये साठतात आणि ती फाइल दुसऱ्या दिवशी मोजली जाते. पण आठवडाभर सगळीकडे शून्यच असेल तर काहीतरी अडलंय. बघायचा क्रम असा ठेवा.

आधी नियोजित कामं, म्हणजे शेड्यूल्ड टास्क, चालतायत का ते बघा. लॉग मोजण्याचं काम त्यांच्याच वेळापत्रकात असतं. सर्व्हरवर क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी सोय, लावलेला असेल तर तो दिवसातून निदान एकदा चालायला हवा. दर तासाला चालला तर उत्तम. क्रॉन लावण्याची सोय नसेल, तर ओजेएस ३.३ आणि ३.४ मध्ये 'एक्रॉन' हे प्लगिन सुरू ठेवा. कुणी साइटला भेट दिली की ते राहिलेली कामं चालवतं. भेटी कमी असलेल्या पत्रिकेत त्यामुळे कामं रेंगाळतात, म्हणून खरा क्रॉन केव्हाही चांगला.

मग फायलींचा फोल्डर बघा. कॉन्फिग फाइलमध्ये त्याचा पत्ता दिलेला असतो आणि तो फोल्डर सार्वजनिक वेबफोल्डरच्या बाहेर असायला हवा. त्यात 'युसेज स्टॅट्स' नावाचा उपफोल्डर सापडेल. त्याच्या आत रोजच्या लॉग फायली एका जागी असतात, आणि शिवाय स्टेज, प्रोसेसिंग, अर्काइव्ह आणि रिजेक्ट असे चार कप्पे. सगळं सुरळीत असेल तर कालच्या तारखेची फाइल अर्काइव्हमध्ये गेलेली दिसते. लॉगच तयार होत नसेल तर फोल्डरवर लिहिण्याची परवानगी नाही, किंवा होस्टिंग बदलताना पत्ता जुनाच राहिला आहे. फाइल प्रोसेसिंगमध्ये अडकून पडली असेल तर काम मध्येच थांबलंय. रिजेक्टमध्ये असेल तर आतली एखादी ओळ बिघडलेली आहे. दोष दूर करून फाइल पुन्हा स्टेजमध्ये ठेवली, की पुढच्या फेरीत ती मोजली जाते. म्हणूनच जागा कमी पडते म्हणून अर्काइव्हमधल्या फायली पुसू नका, झिप करून दुसरीकडे जपून ठेवा. उद्या मोजणी चुकल्याचं कळलं, तर दुरुस्तीचं एकमेव साधन त्याच असतील.

पत्रिकेपुढे क्लाउडफ्लेअरसारखी प्रॉक्सी, म्हणजे वाचक आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसणारी, सेवा असेल तर आणखी एक तपासणी हवी. सर्व्हरला मूळ वाचकाचा पत्ता न दिसता मधल्या सेवेचा दिसत असेल, तर शेकडो वाचक मोजक्या पत्त्यांत गोळा होतात. कॉन्फिगमध्ये 'ट्रस्ट एक्स फॉरवर्डेड फॉर' ही ओळ यासाठीच आहे. प्रॉक्सी असेल तरच ती चालू करा.

आणि अपग्रेडची तारीख लिहून ठेवा. ओजेएस ३.४ पासून मोजणी काउंटर रिलीज ५ या नियमावलीनुसार (तिच्याविषयी पुढच्या पायरीत) नव्याने बांधली आहे. त्यामुळे ३.३ वरून ३.४ वर गेलात की आलेखात त्या महिन्यात एकदम चढ किंवा उतार दिसू शकतो. वाचक कमी-जास्त झालेले नसतात, मोजण्याची रीत बदललेली असते. ही नोंद नसेल तर दोन वर्षांनी कुणालाही ती घट किंवा वाढ खरी वाटेल.

पायरी ३ : 'उघडला' म्हणजे नेमकं काय

काउंटर ही नियमावली ग्रंथालयं आणि प्रकाशकांनी मिळून तयार केली. वर्गणी भरणाऱ्या ग्रंथालयांना वेगवेगळ्या प्रकाशकांचे आकडे एकाच मापाने हवे होते. रिलीज ५ जानेवारी २०१९ पासून लागू झाली, तिची सुधारित ५.१ आवृत्ती जानेवारी २०२५ पासून. तुमची पत्रिका मोफत असली तरी हेच माप वापरा, म्हणजे तुमचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवता येतो.

यातले दोन शब्द आधी पक्के करा. इन्व्हेस्टिगेशन म्हणजे लेखासंबंधी काहीही पाहणं: सारांश, संदर्भसूची किंवा पूर्ण लेख. रिक्वेस्ट म्हणजे पूर्ण लेख उघडणं किंवा उतरवणं. प्रत्येक रिक्वेस्ट ही इन्व्हेस्टिगेशनही असते. मग प्रत्येकाचे दोन प्रकार: टोटल, म्हणजे सगळ्या वेळा, आणि युनिक, म्हणजे एका बैठकीत एका लेखामागे एकदाच.

एक वाचक धरा. तिने सारांशाचं पान उघडलं, मग पीडीएफ उघडली, ती फोनवर नीट दिसेना म्हणून एचटीएमएल उघडलं. टोटल इन्व्हेस्टिगेशन झाल्या ३. टोटल रिक्वेस्ट २. युनिक इन्व्हेस्टिगेशन १, युनिक रिक्वेस्ट १. चारही आकडे खरे आहेत. अहवालात 'तीन वाचक' लिहिलं तर ते खोटं होईल.

याच कारणाने एचटीएमएल आवृत्ती जोडलीत की टोटल रिक्वेस्ट फुगतात. बाहेर सांगायला युनिक रिक्वेस्ट हा सर्वांत भरवशाचा आकडा.

दुहेरी क्लिकचा नियमही माहीत हवा. एकाच वाचकाने एकच गोष्ट ३० सेकंदांच्या आत दोनदा उघडली तर ती एकदाच धरतात. नेट संथ असलं की माणूस दोन-तीनदा क्लिक करतोच, त्याचा भार आकड्यावर पडू नये म्हणून हा नियम आहे.

वाचक 'एकच' हे कसं ठरतं? लॉगिन किंवा कुकी नसेल तर संगणकाचा आयपी पत्ता आणि ब्राउझरची ओळख यांवरून. इथे आपल्याकडचा एक खराखुरा खड्डा आहे. कॉलेजच्या संगणक कक्षातली चाळीस यंत्रं बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर पडतात, आणि सगळ्यांवर तोच ब्राउझर. प्राध्यापकांनी वर्गात लेख उघडायला सांगितला आणि चाळीस जणांनी तो एकाच वेळी उघडला, तर मोजणीत तो एक वाचक होऊ शकतो. त्यात चूक कुणाची नाही, मापाची मर्यादा आहे. वर्गातला वापर दाखवायचा असेल तर त्याची वेगळी लेखी नोंद ठेवा.

उलट बाजूने फुगवटा येतो तो बॉटमुळे, म्हणजे आपोआप पानं उघडत फिरणाऱ्या प्रोग्रॅममुळे. शोधयंत्रांचे ओळखीचे बॉट यादीवरून वगळले जातात, पण मजकूर गोळा करत फिरणारे कित्येक बॉट साध्या ब्राउझरचं सोंग घेतात. ते ओळखायचे कसे? दहा वर्षांपूर्वीच्या अंकापासून कालच्या अंकापर्यंत सगळ्या लेखांचे आकडे एकाच दिवशी जवळपास सारख्याच प्रमाणात वाढले, आणि मराठी वाचणारे जिथे फारसे नाहीत अशा एकाच देशातून वाढले, तर ते वाचन नाही. खरं वाचन नेहमी असमान असतं. दोन-तीन लेख पुष्कळ उघडले जातात, बाकीचे थोडे. संशयास्पद महिना अहवालात तसाच छापण्याऐवजी त्यापुढे खूण करा.

गूगल ॲनालिटिक्स आधीच लावलंय, ते पुरे नाही का, असं विचारलं जातं. पुरे नाही. ॲनालिटिक्स पानातल्या जावास्क्रिप्टवर चालतं, आणि शोधातून थेट पीडीएफवर येणाऱ्या वाचकाने तुमचं पान उघडलेलंच नसतं. पत्रिकेचा मोठा वापर नेमका असाच होतो. वाचक कुठल्या वाटेने आले हे बघायला ते उपयोगी आहे, तेवढंच त्याच्याकडून घ्या.

पायरी ४ : डीओआय द्या आणि संदर्भसूचीही जमा करा

आता सायटेशन. लेखाला डीओआय हा कायमचा क्रमांक हवा. तो '१०.'ने सुरू होतो आणि संशोधनपत्रिकांसाठी बहुतांशी क्रॉसरेफ या संस्थेकडे नोंदवतात. सदस्य झालात की तुम्हाला पूर्वांक मिळतो, पुढचा भाग तुम्ही ठरवायचा. त्यात देवनागरी चालत नाही. रोमन अक्षरं, अंक आणि मोजकी चिन्हंच. तो भाग आखूड ठेवा. वर्ष, अंक, पान असं सगळं कोंबलेला डीओआय हाताने लिहिताना चुकतो, आणि चुकलेला डीओआय म्हणजे हरवलेलं सायटेशन.

इथे बहुतेक नवे संपादक थांबतात: डीओआय मिळाला, काम झालं. अर्धंच झालं आहे. लेखाची नोंद करताना त्याच्या संदर्भसूचीतल्या नोंदीही क्रॉसरेफकडे जमा कराव्या लागतात. तुम्ही ज्यांचा हवाला दिला त्यांना त्यामुळे त्यांचं सायटेशन मिळतं, आणि दुसऱ्या पत्रिकांनी हेच केलं तर तुम्हाला तुमचं. मराठी पत्रिका एकमेकींच्या लेखांचे हवाले भरपूर देतात, पण सूच्या जमा करत नाहीत. त्यामुळे हे सगळं आदानप्रदान मोजणीच्या बाहेर राहतं. एकाच विषयातल्या चार-पाच पत्रिका ठरवून सूच्या जमा करायला लागल्या, तर सगळ्यांचेच आकडे वस्तुस्थितीच्या जवळ येतील. हे काम कुणी बाहेरचं येऊन करणार नाही.

ओजेएसमध्ये लेखाच्या नोंदीत 'रेफरन्सेस'ची पेटी असते. नियम एकच: एका ओळीत एक संदर्भ. पीडीएफमधून सूची कॉपी केली की प्रत्येक संदर्भ दोन-तीन ओळींत तुटतो, आणि प्रणाली प्रत्येक तुकडा वेगळा संदर्भ धरते. पंचवीस संदर्भांची सूची साठ तुकड्यांची होते आणि त्यातला एकही ओळखला जात नाही. म्हणून सूची लेखकाच्या मूळ वर्ड फाइलमधून घ्या, पेटीत टाकल्यावर ओळी मोजा, आणि आकडा लेखातल्या सूचीशी जुळतो का ते बघा. 'तत्रैव' आणि 'उपरोक्त' असे संदर्भ यंत्राला काहीच सांगत नाहीत. पेटीत ते गाळा किंवा पूर्ण लिहा.

ज्या संदर्भाला डीओआय आहे तिथे तो पूर्ण दुव्याच्या रूपात शेवटी लिहा. क्रॉसरेफचं यंत्र साध्या मजकुरावरूनही लेख ओळखायचा प्रयत्न करतं, पण मराठी नावं आणि शीर्षकं असली की त्यावर विसंबू नका. डीओआय शोधायला क्रॉसरेफच्या शोधपानावर शीर्षक टाका. लेखकांना सूचना देतानाच 'डीओआय असल्यास देणं बंधनकारक' असं लिहिलंत तर संपादकांचे बरेच तास वाचतील.

आकडा बघायचा तर ब्राउझरमध्ये 'एपीआय डॉट क्रॉसरेफ डॉट ऑर्ग', तिरपी रेघ, 'वर्क्स', पुन्हा तिरपी रेघ आणि पुढे लेखाचा डीओआय असा पत्ता रोमन लिपीत टाका. जे लांबलचक पान उघडेल त्यात 'इज रेफरन्स्ड बाय काउंट' शोधा. त्यापुढचा आकडा म्हणजे क्रॉसरेफला माहीत असलेली सायटेशनं. लॉगिन लागत नाही, पैसेही नाहीत. तिथेच 'रेफरन्सेस काउंट' बघा. ते शून्य असेल तर तुमची स्वतःची सूची जमा झालेली नाही.

क्रॉसरेफ सदस्यांना दर महिन्याला डीओआयवर किती वेळा क्लिक झालं याचा अहवाल ईमेलने पाठवतं. तो न उघडता पुसला जातो, आणि ते चूक आहे. त्यात क्लिक करूनही न उघडलेल्या डीओआयंची यादी असते. अंकात छापलेला पण नोंदवायचा राहून गेलेला डीओआय इथेच सापडतो. साइटचा पत्ता बदलला असेल तर जुन्या सगळ्या डीओआयचे दुवेही क्रॉसरेफकडे बदलून घ्यावे लागतात. आपोआप होत नाही.

पायरी ५ : गूगल स्कॉलरच्या यादीत या

स्कॉलर हे गूगलचं संशोधनलेख शोधणारं यंत्र २००४ पासून आहे, मोफत आहे, आणि मराठी लेख सापडण्याची शक्यता तिथेच सर्वाधिक. ओजेएसमध्ये 'गूगल स्कॉलर इंडेक्सिंग' प्लगिन सुरू आहे का ते बघा. मग लेखाच्या पानावर कंट्रोल आणि यू दाबून पानाचा स्रोत उघडा, आणि 'सायटेशन' या रोमन शब्दाने सुरू होणारे टॅग शोधा: शीर्षक, लेखक, प्रकाशनाची तारीख, पत्रिकेचं नाव आणि पीडीएफचा पत्ता. लेखक अनेक असतील तर प्रत्येकाचा टॅग वेगळा हवा. सगळी नावं स्वल्पविराम देऊन एकाच लेखकाच्या रकान्यात भरली असतील, तर स्कॉलरला तो एकच विचित्र नावाचा माणूस वाटतो.

अडथळे नेहमीचेच आहेत. पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ठेवून फक्त दुवा दिलेला असतो; स्कॉलरला ती पत्रिकेच्याच साइटवर, सारांशाच्या पानाच्या जोडीला हवी असते. पूर्ण अंकाची एकच पीडीएफ चढवलेली असते. प्रत्येक लेखाला स्वतःचं पान आणि स्वतःची फाइल हवी. फाइल ५ एमबीपेक्षा मोठी असते, बहुधा स्कॅन केलेल्या पानांमुळे. किंवा रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे यंत्रांना साइटवर काय बघू द्यायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, कुणीतरी सगळ्याच यंत्रांना मनाई केलेली असते. बॉटचा त्रास थांबवायला घाईने केलेला हा उपाय पत्रिकेलाच शोधातून बाहेर काढतो.

दुरुस्ती केल्यावर धीर धरा. नवे लेख लवकर येतात, पण आधीच यादीत असलेल्या लेखाची सुधारलेली नोंद दिसायला सहा ते नऊ महिने लागू शकतात, असं स्कॉलरच सांगतं. दर आठवड्याला शीर्षकात फेरफार करत बसलात तर घोळ वाढतो.

सायटेशन बघताना लेखाचं शीर्षक अवतरणचिन्हांत टाकून तीनदा शोधा: देवनागरीत, रोमन लिप्यंतरात आणि इंग्रजी भाषांतरात. एकाच लेखाच्या तीन नोंदी आणि तीन वेगळे 'साइटेड बाय' आकडे मिळाले तर दचकू नका. लेखकाने आपल्या स्कॉलर प्रोफाइलमध्ये त्या नोंदी निवडून 'मर्ज' केल्या की आकडे एकत्र येतात. पत्रिकेच्या संपादकाला हे करता येत नाही, म्हणून लेखकांना कळवा. ज्या नोंदीपुढे चौकटी कंसात 'सायटेशन' लिहिलेलं असतं, तिथे स्कॉलरला लेखाचा फक्त उल्लेख सापडलाय, लेख सापडलेला नाही. छापील जुन्या अंकांचं बहुधा असंच होतं. तो अंक नीट ऑनलाइन आणला की नोंद सुधारते.

तीन ठिकाणी तीन आकडे का

एकाच लेखाला क्रॉसरेफ ४ सायटेशनं दाखवेल, ओपनॲलेक्स ६ आणि स्कॉलर १५. क्रॉसरेफ फक्त जमा झालेल्या सूच्या मोजतं. ओपनॲलेक्स हा जानेवारी २०२२ मध्ये सुरू झालेला मुक्त संग्रह आहे. तो क्रॉसरेफसह इतर स्रोतही घेतो. स्कॉलर प्रबंध, अहवाल, परिषदेतले निबंध, प्राध्यापकांच्या वैयक्तिक पानांवरच्या फायली असं सगळं धरतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स हे सायटेशनचे संग्रह फक्त निवडलेल्या पत्रिकांमधून मोजतात, म्हणून मराठी लेखाचा आकडा तिथे पुष्कळदा शून्य असतो. आकडे एकमेकांत मिसळू नका, त्यांची बेरीज तर अजिबात नको; तोच हवाला तिन्हीकडे मोजलेला असतो.

म्हणून एक साधी एक्सेल फाइल ठेवा आणि रकाने असे घ्या: लेखाचा डीओआय, बघितल्याची तारीख, स्रोत, आकडा, शेरा. दर तीन महिन्यांनी एकाच दिवशी बसून भरा. ऐंशी लेखांना सुरुवातीला एक दुपार जाते, नंतर कमी. वापराचे आकडे दर महिन्याला ओजेएसमधून सीएसव्ही फाइल काढून वेगळे जपा. ती फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर मराठी शीर्षकांचा चुथडा होतो. 'डेटा' मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट' निवडा, एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, अक्षरं नीट येतील.

इम्पॅक्ट फॅक्टर, आणि तो विकणारे

इम्पॅक्ट फॅक्टर ही पत्रिकेच्या एका लेखामागे सरासरी किती सायटेशनं आली हे सांगणारी, व्याख्या असलेली एक ठरावीक संख्या आहे. २०२४ चा काढायचा तर २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या लेखांना २०२४ या एका वर्षात मिळालेली सायटेशनं घ्या आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागा. ४० लेखांना ३० सायटेशनं मिळाली असतील तर ०.७५. ती क्लॅरिव्हेट ही कंपनी जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये, वेब ऑफ सायन्समधल्या पत्रिकांसाठीच जाहीर करते. स्कोपसचा साइटस्कोअर वेगळा. त्यात चार वर्षांचा काळ धरतात.

मिळत्याजुळत्या नावाचा 'फॅक्टर' देऊ करणारे ईमेल तुमच्या पत्रिकेलाही येतील. अर्ज भरा, शुल्क भरा, प्रमाणपत्र घ्या. त्यांना एकच प्रश्न विचारा: कोणत्या संग्रहातली सायटेशनं मोजली, आणि ती यादी दाखवाल का? यादी येत नाही. असा आकडा मुखपृष्ठावर छापलात तर जाणकार वाचकाचा तुमच्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. आयएसएसएन हेही गुणवत्तेचं प्रमाणपत्र नाही. तो पत्रिकेचा ओळख क्रमांक आहे, मोफत मिळतो, आणि छापील व ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळा घ्यावा लागतो.

यूजीसी-केअरची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य केलेल्या पत्रिकांची, यादी २०१९ पासून होती आणि तिचं काम पुण्यातल्या विद्यापीठातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केली. तेव्हा 'केअर लिस्टेड' अशी पाटी साइटवर अजून असेल तर ती काढा, किंवा कोणत्या काळात यादीत होतो ते स्पष्ट लिहा.

लेखकांना काय कळवायचं

प्रत्येक लेखकाला ऑर्किड हा संशोधकाचा कायमचा ओळख क्रमांक काढायला लावा; सोळा अंकी असतो, मोफत असतो. कुलकर्णी, जोशी, पाटील या आडनावांचे एकाच विषयात अनेक अभ्यासक असतात, आणि आद्याक्षरंही जुळतात. नावाचं रोमन स्पेलिंग एकच ठेवा, वडिलांचं नाव एकदा घालायचं आणि एकदा गाळायचं असं नको. लग्नानंतर नाव बदललेल्या लेखिकांचं काम दोन नावांत विभागलेलं राहतं. ऑर्किडच्या नोंदीत दोन्ही नावं देता येतात.

एच-इंडेक्स, म्हणजे निदान तितकीच सायटेशनं असलेल्या लेखांची मोठ्यात मोठी संख्या, विचारला गेला तर हाताने काढून दाखवा. लेखांची सायटेशनं उतरत्या क्रमाने मांडा: १२, ७, ४, ३, १. तिसऱ्या लेखाला निदान तीन आहेत, चौथ्याला चार नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ३. आय-१० इंडेक्स, म्हणजे दहा किंवा अधिक सायटेशनं असलेले लेख, इथे १. अर्जात लिहिताना आकड्यापुढे स्रोत आणि तारीख द्यायला सांगा: 'एच-इंडेक्स ३, गूगल स्कॉलर, १५ जुलै'. पडताळणारा माणूस तेच प्रोफाइल उघडून बघणार असतो, आणि त्याला आकडा थोडा वाढलेला दिसला तर तारखेवरून कारण कळतं.